हद्दीबाहेर

आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर कार्यक्षेत्राचा नकाशा रंगवलेला होता. पाच गावं, तीन वस्त्या, शाळा, अंगणवाड्या, पिण्याच्या पाण्याच्या विहिरी. खाली लोकसंख्या, साडेचार हजारांच्या आसपास. वरच्या बाजूला एक निळी रेघ, तिच्यावर ‘मांजरा नदी’ असं लिहिलेलं आणि रेघेच्या वर नुसता चुना. पेंटरचा त्यात काही दोष नव्हता. नदीपलीकडं बीड जिल्हा, केज तालुका. तिथं माझं काम नव्हतं. म्हणजे कागदावर तरी नव्हतं.

मी उमरगा तालुक्यातली. आमचं शिवार संपलं की कर्नाटक. उस्मानाबादला दीड वर्षाचं एएनएमचं शिक्षण झालं आणि १९८८ साली ऑर्डर निघाली ती थेट कळंब तालुक्याची. जिल्ह्याच्या खालच्या टोकाहून वरच्या टोकाला. तेव्हा धाराशिवला सगळे उस्मानाबादच म्हणायचे. उमरग्याहून उस्मानाबाद, तिथून कळंब आणि कळंबहून मुक्कामी एसटी. आई सोबत होती. एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि आईनं भाकरी-चटणीचं बांधलेलं गाठोडं. क्वार्टरला कडी नव्हती म्हणून पहिली रात्र दाराला पेटी लावून काढली.

गावातल्या बायकांना माझ्या औषधांपेक्षा माझ्या बोलण्याचं अप्रूप. आमच्याकडं ‘काय करूलालास’ म्हणतात, इकडं ‘काय करायलास’. मी एखाद्या बाळंतिणीला विचारलं, ‘दुखूलालंय का?’ की शेजारच्या चार जणी पदर तोंडाला लावायच्या. वर्षभरात माझं ‘दुखायलंय का’ झालं. आता माहेरी गेले की भाऊ हसतो.

कामाचं म्हणाल तर पहिली सात-आठ वर्षं गावानं मला ‘ऑपरेशनवाली बाई’ म्हणूनच ओळखलं. कुटुंब नियोजनाचं टारगेट असायचं, मार्च आला की दर मीटिंगला उभं करून विचारायचे, ‘किती केसेस?’ केसेस नसल्या की पगार अडायचा. मी दिसले की तीन लेकरांच्या आया घराची दारं लावून घ्यायच्या. १९९६ मध्ये टारगेट रद्द झालं तेव्हा मी पेढे वाटले नाहीत इतकंच. त्याआधी मला घरात घेतलं गेलं ते सुईणीमुळं. गावात एक म्हातारी सुईण होती, अख्ख्या गावाची आजी. तिचं आणि माझं पहिल्यांदा पटलं नाही. ती नाळ विळ्यानं कापायची, मी ब्लेड उकळायची. एकदा तिच्याच नातसुनेच्या वेळी तिनं मला हाक मारली आणि स्वतः चुलीपाशी बसून पाणी तापवून दिलं. त्यानंतर आमचं भांडण झालं नाही, तिनं विळाही पुन्हा हातात घेतला नाही. हे सगळं सांगायला बसले तर पानं पुरणार नाहीत, आणि मला सांगायचं आहे ते निळ्या रेघेवरच्या चुन्याबद्दल.

१९९१ चा आषाढ. पाऊस ओढ धरून बसला होता, नदीला गुडघाभर पाणी. रात्री दीडच्या सुमाराला बैलगाडी दाराशी थांबली. ‘बाई, उठा ओ. पोरीला लई तरास व्हायलाय.’ गाडी नदीपलीकडून आली होती. त्यांचं आरोग्य केंद्र उलट्या दिशेला, लांब. नदी उतरली की मी. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, पहिलटकरीण. पहाटे बाळंत झाली, मुलगी झाली, रडली चांगली. पण वार पडेना. लघवी काढून घेतली, बाळ छातीशी लावलं, पोट चोळलं. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. खालचं कापड भरलं, दुसरं घातलं, तेही भरलं. त्या वेळी उपकेंद्रात सलाईन नव्हती, फोन तर सोडाच. गावात एकच जीप होती, तिच्या मालकाला नवऱ्यानं पाया पडून उठवलं.

आता कुठं न्यायचं? नियमाप्रमाणं माझी चिठ्ठी उस्मानाबादच्या सिव्हिलच्या नावानं जायची. ते साठेक किलोमीटर. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्याहून पंधराएक किलोमीटरनं जवळ, पण ते बीड जिल्ह्यात. मी चिठ्ठीवर अंबाजोगाई लिहिलं आणि जीपमध्ये बसले. हात तिच्या ओटीपोटावर, गर्भाशय घट्ट धरून, थेट दवाखान्याच्या पायरीपर्यंत. बाई वाचली. पुढं मला विचारणा झाली की दुसऱ्या जिल्ह्याला रेफर का केलं. मी लिहून दिलं की रक्त त्या रस्त्यानं कमी जाणार होतं. ते उत्तर कुणी फाईलला लावलं की फेकलं, माहीत नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती अभिमानानं सांगत फिरले असते. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते, म्हणून ती मुलगी आमच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात लागली. सव्वा महिन्यानं आई लेकीला घेऊन पलीकडं गेली. दसऱ्यानंतर नवरा-बायको कोयत्याला, म्हणजे ऊस तोडायला गेले, कोल्हापूरकडं. त्रिगुणी लशीचे दोन डोस राहिले, गोवरची सुई राहिली. उन्हाळ्यात ते परत आले तेव्हा पलीकडच्या सिस्टरनं धरलं की जन्म इकडचा, तर लसही इकडं झाली असेल. मी धरलं की राहायला तिकडं, तर तिकडं झाली असेल. दोघींची रजिस्टरं चोख होती. माझ्या गोवरच्या रकान्यात त्या वर्षी एकही लाभार्थी बाकी नव्हता, कारण ती मुलगी माझ्या लाभार्थ्यांत धरलेलीच नव्हती.

१९९३ च्या शिमग्याच्या सुमारास तिची आजी बाजाराच्या दिवशी भेटली. म्हणाली, ‘बाई, तुमच्या हातचं लेकरू गेलं. गोवर निघाला, मग छाती भरली. फडावरच.’ दोष देत नव्हती. सांगत होती, जसं शेळी गेली सांगतात तसं. मी भाजी न घेता घरी आले.

त्याच आठवड्यात दोनशे पानी वही घेतली आणि वर लिहिलं, ‘हद्दीबाहेर’. सरकारी रजिस्टरांत या वहीला जागा नव्हती. जे माझ्या नकाशात नाहीत, पण माझ्या दारी आले, त्यांची ती वही. पलीकडच्या गावांतल्या बाळंतिणी. आमच्या शिवारात उतरलेल्या टोळ्यांमधली लेकरं. आमच्याच गावातली पण सहा महिने बाहेर असणारी. नाव, मायचं माहेर, मुकादमाचं गाव, कारखाना कोणता, कोणता डोस कधी, पुढचा कधी. कारखाना कळला की त्या भागातल्या आरोग्य केंद्राच्या नावानं पोस्टकार्ड टाकायची: अमुक टोळीत अमुक वयाचं लेकरू येतंय, पोलिओचा दुसरा डोस बाकी. उत्तरं फार आली नाहीत. एकदा मात्र सांगली जिल्ह्यातून कार्ड आलं, ‘डोस दिला, ताप आला नाही.’ सहीच्या जागी फक्त ‘सिस्टर’. ते कार्ड अजून वहीत आहे.

या वहीपायी बोलणी खाल्ली. लशीच्या कुप्या मोजून मिळतात. माझे लाभार्थी तेवढेच आणि खर्ची पडलेले डोस जास्त, हा हिशेब एका साहेबांना खपला नाही. ‘तुम्ही दुसऱ्या जिल्ह्याची टक्केवारी वाढवताय,’ असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. त्यांचं गणित बरोबर होतं, एवढं मान्य करायला हवं. गोवरची कुपी एकदा फोडली की काही तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यायची. मी पुढच्या महिन्यापासून उरलेल्या डोसांतच पलीकडची लेकरं बसवू लागले. बुधवारी इकडचं लसीकरण, दुपारी दोननंतर नदीवाल्यांनी यायचं. टाकायचा डोस मोजला गेला काय किंवा एखाद्या लेकराच्या दंडात गेला काय, साहेबांच्या कागदाला फरक पडत नव्हता.

हद्द नसली की काम कसं होतं ते त्याच वर्षी पाहिलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक नुकतेच आडवे झाले होते. भूकंपानं आमच्याकडं पत्रे वाजले, मडक्यांची उतरंड कलंडली. सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव आलं, मग सास्तूरचं. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यातच होतं, माझ्या माहेराकडचं. आमच्या घराची एक भिंत चिरली होती, माणसं बरी होती. हे मला कळायला चार दिवस लागले, कारण तोवर मी सास्तूरला तंबूत होते. वरून पाऊस, खाली चिखल आणि दगडामातीच्या धाब्याच्या घरांचे ढिगारे. लातूरच्या, सोलापूरच्या नर्सेस, मिलिटरीचे डॉक्टर, कुठकुठली मिशनरी माणसं. धनुर्वाताचं इंजेक्शन देताना कोण कोणत्या तालुक्याचं हे कुणी विचारलं नाही. माझ्या शेजारी उभी राहून जखमा धुणारी बाई कुठली होती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पंधरा दिवसांनी मी परत आले. नकाशा भिंतीवर होता तसाच होता.

दसरा झाला की आमच्याकडचं आणि पलीकडचं, दोन्ही गावं अर्धी रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फेडेपर्यंत तोडायचं. रांजणीचा नॅचरल शुगर कारखाना आमच्याच तालुक्यात सुरू झाला, तरी आमची माणसं तोडायला सातारा, सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकात जातात आणि आमचा ऊस तोडायला दुसरीकडचे येतात. याचं उत्तर मला कुणी नीट दिलेलं नाही. उचल जिथली, तिथं जायचं, एवढंच म्हणतात. म्हाताऱ्या आणि शाळेतली लेकरं मागं राहतात. अंगावरची लेकरं बरोबर. फडात पहाटे चारला उठायचं, बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. सातव्या, आठव्या महिन्यातली असली तरी चढते. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. पाळीच्या चार दिवसांचाही खाडाच. कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही.

त्यातून जे व्हायचं ते माझ्यापुढं यायचं. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, कंबर भरून येतेय. बहुतेकींना पंधरा दिवसांच्या गोळ्या, नवऱ्यालाही गोळ्या आणि थोडा आराम एवढं पुरलं असतं. गोळ्या माझ्याकडं होत्या, आराम नव्हता. मग एखाद्या खासगी दवाखान्यात कुणीतरी सांगायचं, पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल. बाई मुकादमाकडून आणखी उचल घ्यायची आणि पिशवी काढून यायची. वयं विचारू नका. पंचविशीतल्या, तिशीतल्या. एकीनं मला समाधानानं सांगितलं, ‘बरं झालं बाई, आता खाडा न्हाई.’ तिला मी काय बोलणार होते? वर्षभरात तिची हाडं दुखायला लागली, अंगातून वाफा निघायच्या, झोप गेली. उचल वाढलेली होतीच.

माझ्या वहीत २००० नंतर ‘पिशवी’ असा रकाना मी वेगळा आखला. सुरुवातीला मला वाटलं हे आमच्याच दोन-चार गावांचं खूळ असावं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. ते आकडे पेपरात वाचले तेव्हा मी वही काढून माझा रकाना मोजला. आकडा सांगत नाही, वही सरकारी नाही. पण नदीच्या अलीकडच्या पानांवर तो काही कमी नव्हता. पाहणी बीडची झाली. आम्ही पडलो या काठाला.

गेलेली माणसं गाठायची एक हुकमी जागा होती, येरमाळा. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. तोवर कारखान्यांचा पट्टा पडून हंगाम संपलेला असतो, टोळ्या परत आलेल्या असतात. देवीची पालखी आमराईत येते, लाखो माणसं शिवारातले चुनखडीचे खडे वेचतात. मला यात्रेच्या आरोग्य पथकाची ड्यूटी लागायची. बाकीच्यांना ती नकोशी, ऊन मरणाचं आणि उलट्या-जुलाबाच्या केसेस. मी मागून घ्यायची. पिशवीत ओआरएस आणि काखेत वही. चुना वेचत वाकलेल्या बाईला मागून हाक मारायची, ‘अगं, लेकराची गोवरची सुई राहिलीय.’ ती आधी दचकायची, मग ओळखायची. देवीच्या दारात कुणी नाही म्हणत नाही, हा माझा अनुभव. पलीकडच्या काठाची सिस्टर मला प्रथम तिथंच भेटली. आम्ही तीन वर्षं एकमेकींचं नाव नुसतं चिठ्ठ्यांवर वाचत होतो. पुढं तिनंही एक वही केली. आमच्या दोन्ही वह्या वर्षातून एकदा, आमराईत, जुळवून पाहायच्या.

नदी मधेमधे आपलं अस्तित्व दाखवायची किंवा अजिबात दाखवायची नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते देशानं पाहिलं. आमच्याकडं बाळंतपणाला येणारीच्या घरचे दोन घागरी पाणी बरोबर आणायचे. हात धुवायला मग्गा मोजून. सप्टेंबर २०२१ मध्ये तीच नदी शेतं खरवडून गेली आणि काठच्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आलं.

पण मी पाहिलेली सगळ्यात रुंद नदी २०२० मधली. तेव्हा पाणी फारसं नव्हतंच. कोरोनाची जिल्हाबंदी होती. पुलावर बांबूचा अडसर, दोन पोलीस, एक होमगार्ड. टोळ्या कारखान्यांवर अडकून पडल्या होत्या, एप्रिलच्या मध्यात सरकारनं त्यांना गावी सोडायला परवानगी दिली. ट्रॅक्टर, ट्रक भरून माणसं येऊ लागली. इकडच्यांना इकडच्या शाळेत, तिकडच्यांना तिकडच्या शाळेत ठेवायचं. एका ट्रॅक्टरमध्ये नऊ महिने भरलेली एक बाई होती, सासर पलीकडचं, कळा सुरू झालेल्या. होमगार्डनं आधारकार्ड मागितलं. मी म्हटलं, दादा, बाळाचं आधारकार्ड अजून निघायचंय. तो आमच्याच गावातला, त्याचा जन्म माझ्या हातचा. बांबू वर झाला, पण बाई पलीकडं गेली नाही. ती माझ्याकडं उतरली, मुलगा झाला. नोंद इकडं, वही क्रमांक तीन, पान एकेचाळीस.

आता सोयी झाल्या हे खरं. आशा आल्या, त्यांतल्या एकीनं तर माझं अर्धं काम शिकून घेतलं. २०१४ पासून १०८ येते. त्या आषाढात ती असती तर जीपवाल्याच्या पाया पडावं लागलं नसतं. धाराशिवला मेडिकल कॉलेज झालं. काचेच्या सिरिंजा उकळणारी शेवटची पिढी आमची, नव्या मुलींना सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं. सगळी माहिती मोबाईलमध्ये भरायची असते. त्या ॲपमध्ये गाव निवडावं लागतं, आणि यादीत नदीपलीकडचं गाव येत नाही.

मधे दोनदा बदली झाली, तालुक्यातच. घर हलवलं नाही. मालक इथल्या शाळेत मास्तर, दोन गुंठे जागा घेऊन तीन खोल्या बांधल्या, दारात लिंब लावला. माहेरचे विचारतात, परत का येत नाहीस? त्यांना सांगण्यासारखं मोठं कारण माझ्याकडं नाही. इथं रात्री दार वाजतं.

माझी जन्मतारीख मास्तरांनी शाळेत १ जून लावली, त्यामुळं ३१ मे २०२५ ला मी निवृत्त झाले. चार्ज देताना रजिस्टरं, फर्निचर, वजनकाटा, व्हॅक्सिन कॅरियर, सगळ्याच्या सह्या झाल्या. तीन वह्या चार्ज लिस्टमध्ये बसत नव्हत्या. नवीन सिस्टर परभणीकडची, वय चोवीस. तिनं वह्या चाळल्या, आणि एवढंच विचारलं, ‘मॅडम, हे रिपोर्टिंगला कुठं दाखवायचं?’ कुठंच नाही, म्हटलं. तिनं तिसरी वही ठेवून घेतली. तिच्यात अजून जागा आहे.

दिवाळीनंतर तुमच्याही शिवारात टोळी उतरेल. वाढं आणायला तुम्ही फडावर जालच. मजुरांच्या कोपीत लहान लेकरू दिसलं तर त्याच्या मायला लशीचं कार्ड विचारा. ते बहुतेक पेटीत, रेशनकार्डाच्या आत घडी करून ठेवलेलं असतं. लस कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते, गाव कोणतं हे आड येत नाही. फक्त कोपी कुठं आहे ते तुमच्या गावातल्या आशाला जाऊन सांगा. तिला दिसत नाही, तुम्हाला दिसते.